चष्म्याचा नंबर : कागद कसा मागावा, कसा वाचावा



दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा पाठ आहे. डायॉप्टर, नाभीय अंतर, निकटदृष्टिता हे शब्द आपण तिथे पाठ करतो, दोन-चार गणितं सोडवतो आणि परीक्षा झाली की विसरतो. खरं तर हाच पाठ वर्गातल्या कितीतरी जणांच्या नाकावर बसलेला असतो. म्हणून आज पुस्तकाच्या थोडं बाहेर जाऊन एक व्यवहाराचा विषय घेऊ या. डोळे एका ठिकाणी तपासले आणि चष्मा दुसरीकडून करायचा असेल, तर पहिल्या ठिकाणाहून नेमकं काय लिहून घ्यायचं?

विषय छोटा वाटतो, पण तसा नाही. एका विद्यार्थिनीला फळा दिसत नव्हता. आई तिला बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेली. 'डोळे तपासणी मोफत' अशी पाटी होती, तपासणी झालीही. पण तिथली सगळ्यात स्वस्त फ्रेमसुद्धा आईच्या हिशोबाबाहेरची निघाली. आई म्हणाली, "दादा, नंबर तेवढा लिहून द्या, चष्मा नंतर करते." उत्तर आलं, "चष्मा इथून केला तरच नंबर मिळेल." माउली काही न बोलता परत आली. पुढचे दोन महिने मुलगी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती. पुढे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नंबर निघाला, कागद हातात मिळाला आणि परवडेल अशा दुकानातून चष्मा झाला. ते दोन महिने मात्र गेलेच.

दोन कामं वेगळी आहेत

डोळे तपासून नंबर काढणं हे एक काम आणि त्या नंबरची काच फ्रेममध्ये बसवून देणं हे दुसरं काम. आपल्याकडे ही दोन्ही कामं बहुतेक वेळा एकाच छपराखाली होतात, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात.

नंबर काढणारी माणसंही वेगवेगळी असतात. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे डोळ्यांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी तपासण्याचं शिक्षण घेतलेले असतात. चष्मा बनवून चेहऱ्यावर नीट बसवून देणारा तो ऑप्टिशियन, आपल्या भाषेत चष्मेवाला. सरकारी रुग्णालयात नंबर काढायला नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. दुकानात कोण तपासतंय, हे विचारायला लाजू नका.

आता दुकानदाराची बाजूही बघा. मोफत तपासणी ही खरं तर मोफत नसते. मशीन, जागा आणि तपासणाऱ्याचा पगार हे सगळं फ्रेमच्या आणि काचेच्या किमतीतून निघतं. गिऱ्हाईक नंबर घेऊन निघून गेलं की त्याचं अर्ध्या तासाचं काम फुकट जातं. त्यामुळे तो कुरकुरतो, यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही. यावर माझ्या मते सरळ उपाय एकच. तपासणीचे पैसे द्यायची तयारी ठेवा आणि तसं आधीच सांगा. "फक्त डोळे तपासायचे आहेत, तपासणीचे किती होतील? नंबरचा कागद मिळेल ना, पीडीसकट?" हे खुर्चीवर बसण्याआधी विचारायचं. नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढचं दुकान. तपासणी झाल्यावर हुज्जत घालण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

डॉक्टरांकडे गेलात तर प्रश्न सहसा येतच नाही, कारण ते कागदावर लिहूनच देतात. आणि मागूनही दिला नाही तर? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने आपली वैद्यकीय कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यावी लागतात. हा नियम डॉक्टरांसाठी आहे, हे ध्यानात असू द्या. अमेरिकेत १९७८ पासून असा नियम आहे की तपासणी झाली की चष्म्याच्या नंबरचा कागद रुग्णाने न मागताही, जादा पैसे न घेता द्यायचा. ब्रिटनमध्येही १९८९ च्या कायद्याने तपासणीनंतर लगेच कागद द्यावा लागतो. म्हणून तर डिसेंबरच्या सुट्टीत अमेरिकेहून पुण्या-मुंबईला येणारी आपली मंडळी तिकडचा कागद खिशात घालून येतात आणि इथे दोन-दोन चष्मे करून नेतात! पण गंमत अशी की या दोन्ही देशांच्या नियमात पीडी हा आकडा सक्तीचा नाही. त्यामुळे नंबर मिळतो आणि पीडीसाठी पुन्हा खेटे घालावे लागतात. पीडी म्हणजे काय, ते पुढे बघू.

कॉम्प्युटरची चिठ्ठी म्हणजे नंबर नव्हे

हे आधी सांगतो, कारण इथे पुष्कळ जण फसतात. दुकानात गेल्यावर हनुवटी टेकवून एका यंत्रात बघायला लावतात. आत लांबवर एखादं घर किंवा फुगा दिसतो, टक-टक आवाज होतो आणि किराणा दुकानाच्या बिलासारखी चिठ्ठी बाहेर येते. अनेक जण त्या चिठ्ठीचा फोटो काढतात आणि त्यावरूनच चष्मा मागवतात. असं करू नका. यंत्राने काढलेला तो अंदाज असतो. त्यानंतर जड गोल फ्रेम डोळ्यांवर चढवून, काचा बदलत "हे चांगलं दिसतं की हे?" असं विचारून जो आकडा ठरतो, तो खरा नंबर.

लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच सांभाळायला हवं. मुलांच्या डोळ्यांतलं भिंग जवळचं पाहण्यासाठी पटकन फुगतं. यंत्रात डोकावताना ते फुगलेलं असेल तर यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त उणे नंबर दाखवतं. म्हणून डॉक्टर मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून, ते स्नायू सैल करून नंबर काढतात. थेंब घातल्यावर काही तास जवळचं पुसट दिसतं, उजेड सहन होत नाही; पण पहिला चष्मा लागताना हा त्रास सोसण्यासारखाच आहे.

कागद वाचू या

समजा, तुमच्या हातात असा कागद आला :

उजवा डोळा : −२.२५ / −०.७५ × १७०
डावा डोळा : −१.७५

इंग्रजी कागदावर उजव्या डोळ्यासाठी 'ओडी' आणि डाव्यासाठी 'ओएस' लिहितात. हे लॅटिन शब्दांचं लघुरूप आहे. उजवा-डावा म्हणजे तुमचा उजवा-डावा, समोरच्या तपासणाऱ्याचा नव्हे.

पहिला आकडा 'एसपीएच', म्हणजे गोलीय भिंगाची शक्ती, डायॉप्टरमध्ये. उणे चिन्ह असेल तर अंतर्वक्र भिंग, म्हणजे निकटदृष्टिता. अधिक असेल तर बहिर्वक्र. पुस्तकातलं सूत्र आठवा : शक्ती = १ ÷ मीटरमधलं नाभीय अंतर. आता उलटं गणित करा. १ ÷ २.२५ = ०.४४ मीटर. म्हणजे या मुलाच्या उजव्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण ४४ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. डाव्या डोळ्याला १ ÷ १.७५, म्हणजे ५७ सेंटिमीटरपर्यंत. फळा तर चार-पाच मीटरवर आहे! 'मुलगा लक्ष देत नाही' असं म्हणण्याआधी हा भागाकार करून बघावा.

चष्म्याचे नंबर पाव-पाव डायॉप्टरने वाढतात. त्यामुळे आपल्या जुन्या अपूर्णांकांना इथे अजून काम आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, सव्वादोन, अडीच. जुने चष्मेवाले अजूनही "सव्वादोन नंबर आहे" असंच म्हणतात. आजच्या मुलांना 'पावणेदोन' म्हणजे १.७५ हे सांगावं लागतं, पण ते सोडा.

एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. काही ठिकाणी दशांश चिन्ह न देता नुसतं २२५ लिहितात, काही ठिकाणी उणे चिन्ह इतकं बारीक असतं की घडीच्या रेषेत हरवून जातं. कागद घेतानाच विचारा, "हे उणे आहे की अधिक?" आणि चिन्ह ठळक करून घ्या. उणे दोनऐवजी अधिक दोनचा चष्मा आला तर चार डायॉप्टरचा फरक पडतो.

दुसरा आकडा 'सीवायएल', म्हणजे सिलिंडर. डोळ्याचं पारपटल चेंडूसारखं सगळीकडे सारखं गोल नसून एका दिशेने जास्त वक्र असेल, तर त्या दिशेपुरती वेगळी शक्ती लागते. ती दिशा कोणती, हे तिसरा आकडा, म्हणजे अक्ष सांगतो. तो १ ते १८० अंशांत असतो. तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक डोळ्यावर ठेवल्याची कल्पना करा, तसंच. सिलिंडर लिहिला आणि अक्ष लिहिला नाही, तर तो कागद अर्धवट आहे. आपल्या उदाहरणात डाव्या डोळ्याला सिलिंडर नाही, म्हणून अक्षही नाही. हे बरोबर आहे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. दोन ठिकाणी तपासलं आणि दोन कागद वेगळे आले. एकावर −२.२५ / −०.७५ × १७० आणि दुसऱ्यावर −३.०० / +०.७५ × ८०. पालक घाबरतात, कुणीतरी चुकलं म्हणतात. प्रत्यक्षात दोन्ही नंबर एकच आहेत! सिलिंडर उणे चिन्हात लिहायचा की अधिक, या दोन पद्धती आहेत. एकातून दुसऱ्यात जाण्याची रीत अशी : पहिला आणि दुसरा आकडा चिन्हासकट मिळवा, तो नवा एसपीएच. सिलिंडरचं चिन्ह बदला. अक्षात ९० मिळवा, बेरीज १८० च्या वर जात असेल तर ९० वजा करा. −२.२५ आणि −०.७५ मिळून −३.००. सिलिंडर +०.७५. १७० मधून ९० गेले, ८०. जुळलं ना? सातवी-आठवीच्या पूर्णांक संख्यांच्या बेरजेला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

फक्त एक करा, हे आकडे दुसऱ्या ठिकाणी देताना जसे आहेत तसेच द्या. एका पद्धतीतला एसपीएच आणि दुसऱ्या पद्धतीतला सिलिंडर अशी भेळ करू नका.

आई-बाबांच्या कागदावर आणखी एक आकडा असतो : 'ॲड'. चाळिशीनंतर जवळचं वाचायला जी जादा शक्ती लागते, ती. समजा लांबचा नंबर +१.०० आणि ॲड +२.००, तर वाचायचा नंबर +३.००. काही कागदांवर ॲड न लिहिता 'जवळचा' असं म्हणून थेट +३.०० लिहितात. आता कुणी ते तीन ॲडच्या रकान्यात भरले, तर चष्मा चारचा होईल आणि पेपर नाकाला लावून वाचावा लागेल. म्हणून विचारून घ्या, "ही ॲड आहे की जवळचा पूर्ण नंबर?"

पीडी : कागदावर नसलेला आकडा

पीडी म्हणजे दोन डोळ्यांच्या बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. प्रौढ माणसांत ते बहुतेक ५४ ते ७४ च्या दरम्यान असतं, सरासरी ६३ च्या आसपास. मुलांचं कमी असतं आणि वाढीबरोबर वाढतं, म्हणून मुलांसाठी जुना आकडा वापरायचा नाही.

हा आकडा नंबरच्या कागदावर सहसा नसतो. कारण तो डोळ्याच्या दोषाचा भाग नाही, चष्मा बनवण्याचा भाग आहे. ज्या दुकानात चष्मा करता, तिथे फ्रेम निवडल्यावर तो मोजतात. बाहेरून किंवा मोबाइलवरून चष्मा मागवायचा म्हटला की मात्र तो तुम्हालाच द्यावा लागतो.

चुकला तर काय बिघडतं? प्रत्येक काचेचा एक प्रकाशीय मध्य असतो आणि तो बाहुलीसमोर यावा लागतो. सरकला तर काच लोलकासारखी वागते आणि किरण वाकवते. किती वाकवते, त्याचं सोपं सूत्र आहे : सेंटिमीटरमधलं सरकणं × नंबर = प्रिझम डायॉप्टर. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावर एक सेंटिमीटर सरकणं.

समजा नंबर −४.००, खरी पीडी ६० आणि चष्मा केला ६६ चा. फरक ६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक डोळ्याला ३ मिलिमीटर. ०.३ × ४ = १.२, दोन्ही डोळे मिळून २.४. या उदाहरणात डोळ्यांना सतत थोडं बाहेर वळावं लागेल. जवळचं पाहायला डोळे आत वळवायची आपल्याला सवय असते, बाहेर वळवायची नसते. मग कपाळ दुखतं, अक्षरं जोडीने दिसू लागतात आणि मूल चष्मा दप्तरात ठेवून देतं. आपण म्हणतो, "एवढा महागाचा चष्मा केला आणि हा घालतच नाही!"

हीच चूक −०.७५ नंबरला झाली तर? ०.३ × ०.७५ = ०.२२५. जाणवणारही नाही. म्हणजे नंबर जितका मोठा, तितकी पीडी काटेकोर हवी. तीन-चारच्या वर नंबर असेल तर पीडी मोजणाऱ्या यंत्रावरच मोजून घ्या, आणि उजव्या-डाव्या डोळ्याची नाकाच्या मध्यापासून वेगवेगळी मागा, उदाहरणार्थ ३०.५ आणि ३१.५. सगळ्यांचं नाक अगदी मधोमध नसतं. केवळ वाचायचा चष्मा करायचा असेल तर जवळची पीडी मागा. वाचताना डोळे आत वळतात, त्यामुळे ती लांबच्यापेक्षा साधारण ३ मिलिमीटर कमी असते.

घरी मोजायची झाल्यास दोन माणसं आणि मिलिमीटरची पट्टी पुरे. समोरासमोर, हातभर अंतरावर बसा. तुम्ही मोजणारे असाल तर आपला उजवा डोळा मिटा आणि समोरच्याला तुमच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगा. पट्टीचा शून्य त्याच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. आता पट्टी न हलवता डावा डोळा मिटून उजवा उघडा. त्याने आता तुमच्या उजव्या डोळ्याकडे बघायचं. त्याच्या डाव्या बाहुलीच्या मध्यावर जो आकडा येईल, ती लांबची पीडी. तीन वेळा मोजा. एका मिलिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर पट्टी हलते आहे. आरशात स्वतःची स्वतः मोजायचा प्रयत्न करू नका, डोकं हलल्याशिवाय राहत नाही.

फ्रेमचं मापही असंच फुकट मिळतं. जुन्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला बघा, ५२ – १८ – १४० असे आकडे दिसतील. काचेची रुंदी ५२, नाकावरच्या पुलाची १८, काडीची लांबी १४० मिलिमीटर. पहिल्या दोघांची बेरीज ७०. ही बेरीज तुमच्या पीडीच्या जितकी जवळ, तितकी काच कमी सरकवावी लागते आणि मोठ्या उणे नंबरला काचेची कड कमी जाड येते. मोठ्ठ्या फ्रेमची फॅशन मोठ्या नंबरला का जड पडते, ते इथे कळतं.

कुठे थांबायचं

साधा, एका नंबरचा चष्मा कागदावरून कुठेही करता येतो. प्रोग्रेसिव्ह काचांचं तसं नाही. त्यात लांबचं, मधलं, जवळचं असे भाग वरून खाली असतात आणि बाहुली फ्रेमच्या तळापासून किती उंचीवर येते, हे ती फ्रेम चेहऱ्यावर चढवूनच मोजावं लागतं. माझा सल्ला असा की प्रोग्रेसिव्ह चष्मा समोर बसून, हाताने फ्रेम वाकवून नीट करून देणाऱ्या चष्मेवाल्याकडूनच करा. त्याचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. कॉन्टॅक्ट लेन्सला तर चष्म्याचा कागद चालतच नाही. लेन्स थेट डोळ्यावर बसते, चष्मा साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो. या अंतरामुळे −६.०० चा चष्मा असणाऱ्याला लेन्स −५.५० च्या आसपास लागते. शिवाय लेन्सची वक्रता आणि व्यास वेगळे मोजावे लागतात.

कुणी कागद देतच नसेल तर लोक एक युक्ती करतात. वापरातला चष्मा दुसऱ्या दुकानात नेतात आणि तिथे लेन्सोमीटरवर काचेचा नंबर काढून घेतात. दोन मिनिटांचं काम आहे. पण हा नंबर काचेचा झाला, डोळ्याचा नव्हे. चष्मा फुटला आणि उद्या पेपर आहे, अशा वेळी ठीक. वाढत्या वयाच्या मुलाला दोन वर्षांपूर्वीच्या काचेचा नंबर पुन्हा घालणं मात्र योग्य नाही.

ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांनी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात शाळेतल्या मुलांची दृष्टी तपासणी आणि गरजू मुलांना मोफत चष्मे याची तरतूद आहे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि चाळिशीच्या पुढच्या पालकांनी, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांनी, दुकानातल्या नंबरवर समाधान मानू नये. डोळ्यांचा दाब आणि आतला पडदा डॉक्टरांनीच बघावा लागतो. काचबिंदू नंबरच्या कागदावर दिसत नाही.

कागद हातात आला की दुकानातून बाहेर पडण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढा. नाव, तारीख, तपासणाऱ्याची सही, दोन्ही डोळे, चिन्हं, दशांश, अक्ष, लागू असेल तर ॲड, आणि पीडी. नवा चष्मा आल्यावर तो कोणत्याही ओळखीच्या चष्मेवाल्याकडून लेन्सोमीटरवर ताडून घ्या.

स्वाध्याय

१. घरातल्या कुणाच्याही चष्म्याचा कागद घ्या आणि त्यात काय लिहिलेलं नाही, ते वहीत लिहा.

२. −१.५० / +०.५० × ९५ हा नंबर उणे सिलिंडरच्या पद्धतीत लिहा. (उत्तर : −१.०० / −०.५० × ५. इथे ९५ मध्ये ९० मिळवले तर १८५ होतात, म्हणून वजा केले.)

३. एका मुलीचा दोन्ही डोळ्यांचा नंबर −५.०० आहे. चष्म्याशिवाय तिला किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसेल? तिच्या चष्म्याची पीडी ४ मिलिमीटरने चुकली तर दोन्ही डोळे मिळून किती प्रिझम डायॉप्टर येतील?

४. घरातल्या दोन जणांची पीडी वर सांगितल्याप्रमाणे तीन-तीन वेळा मोजा आणि सोमवारी आकडे वर्गात आणा.